वाळीत टाकणे म्हणजे बहिष्कार नव्हे

गावकीने वा जातपंचायतीने एखादे कुटुंब वाळीत टाकले की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात मथळा झळकतो : 'कुटुंबावर सामाजिक बहिष्कार'. या एका शब्दाने आपण अपराध्याच्या अंगावर देशभक्ताचा अंगरखा चढवीत आहोत, याचे भान मथळा लिहिणाऱ्यास नसते.

बहिष्कार हा शब्द लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतला. १९०५ च्या वंगभंगानंतर ज्यांनी विलायती कापड नाकारले, त्यांनी आधी स्वतःच्या सोयीवर निखारा ठेवला. निःशस्त्र प्रजेने बलाढ्य साम्राज्याविरुद्ध उपसलेले ते शस्त्र होते. वाळीत टाकणाऱ्यांना कसली झळ बसते? शंभर घरे एका घरावर उलटतात. दुकानदार किराणा नाकारतो, शेजारी अबोला धरतो, लग्नकार्याचे आमंत्रण येत नाही, तिरडीला खांदा मिळत नाही. कोणी कळवळून बोललाच, तर त्यालाही दंड! यात पराक्रम तो कोणता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापिली, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण सोसणाऱ्याच्या मुखी तो शब्द आरोप होता. पंचांच्या मुखी तो अधिकार होऊन बसतो.

हे सारे धर्मरक्षणासाठी, असा दावा असतो. कोणता धर्म? संन्याशाची पोरे म्हणून ज्या भावंडांना आळंदीने दूर लोटले, त्यांच्यापुढे आज अवघा महाराष्ट्र नतमस्तक होतो. लोटणाऱ्यांची नावे कोणाच्या स्मरणात आहेत? सावरकरांनी १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिराची दारे सर्व हिंदूंना उघडली. अस्पृश्यता पाप नसेल, तर जगात पाप म्हणण्याजोगे काहीच उरत नाही, अशा आशयाचे उद्गार बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत काढले. वाळीत टाकणे हे त्याच पापाचे सख्खे भावंड आहे.

हा रोग केवळ हिंदूंचा, असे मानणाऱ्या पुरोगाम्यांनाही एक आठवण द्यावीशी वाटते. मुंबई राज्याने १९४९ मध्येच अशा प्रथेविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्दबातल ठरविला. त्यावर आपली लेखणी किती झिजली, हे त्यांनीच सांगावे.

मात्र दुसऱ्याच्या दोषाने आपला दोष धुतला जात नाही. २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाखापर्यंत दंड. पण कायद्याआधी भाषा शुद्ध व्हावी. 'बहिष्कार पडला' असे मोघम लिहू नका. पाऊस पडतो, बहिष्कार कोणीतरी टाकतो. कोणी टाकले, कोण गप्प बसले, ते लिहा. आपल्याच घराला गावाबाहेर काढणाऱ्यांनी हिंदू ऐक्याच्या घोषणा तरी देऊ नयेत!