यंत्रातला तंबोरा आणि चोरीचा आळ

आदिलाबाद जिल्ह्यातील एका देवस्थानाच्या विश्वस्त मंडळापुढे मध्यंतरी एक चमत्कारिक वाद उपस्थित झाला. वादाचे मूळ होते भजनी मंडळाचा संगणक. मंडळाने रियाजासाठी एक आज्ञावली रीतसर पैसे मोजून, पावती घेऊन, विकत आणली होती. तंबोऱ्याचा षड्ज-पंचम, तबल्याचा ठेका आणि लेहरा हे सर्व ती हव्या त्या पट्टीत व हव्या त्या लयीत पुरविते. पखवाज शिकविणारे गुरुजी पैनगंगेपलीकडून आठवड्यातून एकदाच येतात. उरलेले सहा दिवस मुलांचा हात लयीत ठेवण्याचे काम हे यंत्रच करते. तेव्हा तिला चैनीची वस्तू म्हणता येणार नाही.

ही आज्ञावली फक्त विंडोज ह्या कार्यप्रणालीवर चालेल अशी बांधलेली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या. आणि विंडोज ११ च्या अटींत हा दहा वर्षांचा संगणक बसेना. मंडळातल्या एका तरुणाने त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविली आणि ‘वाइन’ नावाच्या साधनाच्या द्वारे तीच विकत घेतलेली आज्ञावली पुन्हा चालू केली. लेहरा वाजू लागला. लागलीच एका विश्वस्तांनी आक्षेप घेतला की ही चोरी आहे व देवाच्या दारात ती खपवून घेता येणार नाही. त्यांनी सुचविलेला उपाय मात्र पाहण्याजोगा होता. बाजारात कोणीतरी दोन-तीनशे रुपयांत ‘नवे विंडोज’ घालून देतो, त्याला बोलवावे! परवाना? त्याची चौकशी कोणीही केली नाही.

(‘वाइन’ हे नाव ऐकून सभेत जी कुजबुज झाली, तिचीही नोंद घेतली पाहिजे. हे मद्य नव्हे. ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी बनलेले नाव असून ‘हा अनुकारक नव्हे’ असा त्याचा अर्थ आहे. देवळाला विटाळ होण्याचे कारण नाही.)

आता हे साधन करते तरी काय? आज्ञावली विंडोजला उद्देशून ज्या मागण्या करते, त्या ‘वाइन’ लिनक्सला कळतील अशा मागण्यांत उलटविते. दुभाष्याचेच हे काम. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक हा दुभाषी घडवीत आले आहेत. त्यात मायक्रोसॉफ्टची एक ओळही उचललेली नाही. इतकेच नव्हे, ज्याने ती मूळ संहिता पाहिली असेल त्याचे लिखाणही हा प्रकल्प स्वीकारीत नाही. इतका सोवळेपणा आमच्या किती कचेऱ्यांत आढळेल?

दुभाषी कधी अडखळतो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ध्वनिमुद्रित तंबोरा बहुधा सुखरूप वाजतो. पण आज्ञावली जर ‘मिडी’ पद्धतीने नुसत्या स्वरांच्या आज्ञा पाठवीत असेल, तर विंडोजमध्ये अंगभूत असलेला वाद्यसंच येथे नसतो आणि ठेका मुका राहतो. मग ‘फ्लूइडसिंथ’सारखा संच वेगळा जोडावा लागतो. आमच्या तरुणाचे दोन दिवस ह्यातच गेले. परवान्यासाठी संगणकाला खुंटीसारखी कळ लावावी लागत असेल, तर बहुधा सारेच अडते.

कायद्याचे म्हणाल, तर आम्ही तो वाचूनच बोलत आहोत. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती ज्या कामासाठी पुरविली त्या कामासाठी वापरण्याकरिता, तिची प्रत वा रूपांतरसुद्धा करता येते. १९९९ च्या दुरुस्तीने एका आज्ञावलीची दुसरीशी सांगड घालण्यास लागणारी माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसल्यास, मिळविण्याची मुभाही दिली. येथे तर रूपांतरही झालेले नाही. पावतीची वस्तू पावतीच्या कामासाठी, म्हणजे रियाजासाठी, वापरली गेली. विक्रेत्याच्या करारात विंडोजची अट असेलच तर ती अवश्य वाचावी. परंतु करारातील अटीचा वाद आणि चोरी ह्या भिन्न गोष्टी आहेत. उलटपक्षी, आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कलम ६३ब खाली गुन्हा असून त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, गुन्हा नव्हे. म्हणजे विश्वस्तांनी निर्दोषाला आरोपी केले आणि खऱ्या गुन्ह्याला आमंत्रण धाडले!

आमचा खरा राग मात्र विश्वस्तांवर नाही. तो आहे आज्ञावली विकणाऱ्यांवर. षड्ज-पंचमाला कोणत्या कार्यप्रणालीची जात असते? ह्या जिल्ह्याने निजामाचे राज्य पाहिले, हैदराबाद राज्य पाहिले, १९५६ साली आंध्र प्रदेश आणि २०१४ साली तेलंगण पाहिले; किनवट आणि राजुरा हे आमचे तालुके १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेले. सरकारे बदलली म्हणून आमच्या काकड्याची चाल बदलली नाही, की कोणी मृदंगाला नवा परवाना मागितला नाही. मिरजेचा तंबोरा विकत घेतला की तो आदिलाबादेतही वाजतो आणि मंगेशीच्या देवळातही वाजतो. बनविणारा विचारीत नाही की तो कोणत्या गवताच्या चटईवर ठेवणार. मग यंत्रातल्या तंबोऱ्यालाच ही अट का? सर्व प्रणालींसाठी वेगळी बांधणी करणे खर्चाचे आहे, हे छोट्या विक्रेत्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण ‘वाइनवर चालवून पाहिले, अमुक भाग चालतो, अमुक नाही’ एवढे सांगण्यास कसला खर्च? ज्या विक्रेत्याला आम्ही हा प्रश्न पत्राने विचारला, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

मंडळाच्या पुढील सभेसाठी आम्ही ठरावाचा मसुदा दिला आहे. आज्ञावलीची मूळ पावती देवस्थानाच्या दप्तरात लावावी, करार छापून तिच्यासोबत ठेवावा, बाजारातल्या त्या गृहस्थास बोलावू नये, आणि मुलांचा रियाज त्याच संगणकावर चालू ठेवावा.