माळावरची पाहुणी

टिटवी रात्री ओरडली की घरातली म्हातारी माणसे दचकतात. अपशकुन म्हणतात. ती बिचारी आपल्या अंड्यांपाशी कुत्रे आले म्हणून ओरडते. तिचा आपल्या घराशी काय संबंध? असो. आज तिच्या एका परदेशी बहिणीविषयी लिहायचे आहे.

इंग्रजीत तिला ‘सोशिएबल लॅपविंग’ म्हणतात, म्हणजे थव्याने राहणारी टिटवी. डोक्यावर काळी टोपी, पांढरी भुवई, अंग मातकट. उन्हाळ्यात ती कझाकस्तानच्या गवताळ मैदानावर अंडी घालते. थंडीला काही थवे कच्छ-राजस्थानच्या माळावर उतरतात, काही तुर्कस्तान-सीरियावरून सुदानला जातात. २००४ पासून ती नाहीशी होण्याच्या अगदी काठावरच्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

तिची हकीकत वाचून आम्ही चकित झालो. गुरे वाढली म्हणून नव्हे, गुरे गेली म्हणून तिचे घर बिघडले! आखूड चरलेल्या गवतात, शेणाच्या पोजवळ ती उघड्यावर अंडी घालते. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला. सरकारी शेते बंद पडली, लोकांनी जनावरे विकली, कापून खाल्ली. कझाकस्तानात ३ कोटींहून अधिक असलेल्या शेळ्यामेंढ्या दहा वर्षांत १ कोटीच्या आत आल्या. मैदानात गवत माजले. उरलेली गुरे गावाभोवतीच चरू लागली, तशा टिटव्याही तिथे आल्या, आणि त्याच गुरांच्या खुरांखाली अंडी फुटू लागली.

त्याहून मोठी भीती वाटेवरच्या बंदुकीची. शास्त्रज्ञांनी एका पक्ष्याच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारे यंत्र बांधले. त्याच्या मागावर २००७ साली तुर्कस्तानात ३,२०० पक्ष्यांचा थवा सापडला. आनंदच झाला. पण एवढी पाखरे एकाच रानात उतरतात म्हटल्यावर शिकाऱ्याचेही काम सोपे होते. सीरिया-इराककडे शिकार होते ती अशीच.

आपल्याकडे अडचण कागदाची. गवताचा माळ सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो. आम्ही दप्तरातलीच माणसे. एका शब्दाने जमिनीचे काय होते ते रोज पाहतो. पडीक म्हटली की नांगर घाला, झाडे लावा, कारखाना काढा. गायरानावर कुणाकुणाची चूल पेटते ते आमच्या वाचकांना सांगायला नको, पण टिटवीची दखल कोण घेणार?

ऑक्टोबरच्या सुमारास ती येते. आखूड गवतात नाकतोडे, भुंगेरे टिपत थंडी काढते आणि मार्च-एप्रिलला पुन्हा अडीच-तीन हजार किलोमीटरची वाट धरते.