जप्त बंदुकीचा हिशेब शेवटपर्यंत ठेवा, चोरट्या निर्यातीचा माग कारखान्यापर्यंत काढा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : जप्त अग्निशस्त्रांची विल्हेवाट व लष्करी साहित्याच्या बेकायदा निर्यातीचा तपास याबाबत

महोदय,

१९९३ साली दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या शस्त्रांनी आणि स्फोटकांनी पुढे मुंबईत काय घडवले, हे रायगड जिल्ह्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्याच जिल्ह्यात आज न्हावा-शेवा बंदर आहे. म्हणून शस्त्र आत येण्याइतकीच त्याच्या बाहेर जाण्याची आणि पकडल्यानंतर त्याचे काय होते याची काळजी आम्हाला वाटते.

शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीतला असला, तरी मुद्देमाल कक्षाची किल्ली राज्याच्या पोलिसांकडे असते. हत्यार पकडले की पंचनामा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. पुढचा प्रवास मात्र लोकांपुढे येत नाही. प्रत्येक जप्त हत्याराला जप्तीच्या दिवशीच एक कायम क्रमांक द्यावा आणि पोलीस ठाणे, कलिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळा, न्यायालय व अखेरची विल्हेवाट या साऱ्या टप्प्यांवर तोच क्रमांक चालावा, ही आमची मुख्य मागणी आहे. बदली झालेल्या हवालदाराकडून नव्या हवालदाराकडे कार्यभार जाताना हत्यारे प्रत्यक्ष मोजून घ्यावीत. नुसत्या नोंदवहीवरच्या सहीवर भागवू नये.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ नुसार मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णन लिहायचे, छायाचित्रण व चित्रीकरण करायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा आहे. दुचाकी किंवा दागिन्यांसाठी ही तरतूद उत्तमच. बंदुकीच्या बाबतीत मात्र घाई नको. नळीच्या आतले आटे आणि फायरिंग पिनची खूण फोटोत उतरत नाही. घासून काढलेला क्रमांक आम्ल लावून पुन्हा वाचावा लागतो. तेव्हा चाचणीत झाडलेली गोळी व पुंगळी जतन झाल्याचा दाखला मिळेपर्यंत आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत हत्याराला हात लावू नये, असे सरकारी वकिलांनी प्रत्येक प्रकरणात न्यायालयापुढे मांडावे.

त्यानंतर मात्र ते नष्टच झाले पाहिजे. लिलाव नको, कोणा मान्यवराला सवलतीत विक्री नको. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेली परदेशी शस्त्रे खासदारांना विकली गेल्याचे माहितीच्या अधिकारातून उघड झालेले आहे. तो पायंडा राज्याने गिरवू नये. केवळ नळी कापून भागत नाही, कारण बोल्ट आणि बाकीचे सुटे भाग गावठी कट्टा बनवणाऱ्याच्या कामी येऊ शकतात. सगळे भाग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिनिधीसमोर भट्टीत वितळवावेत आणि नष्ट केलेल्या हत्यारांची जिल्हावार यादी दरवर्षी प्रसिद्ध करावी. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ खाली ठाण्यात जमा होऊन मुदतीत परत न नेलेली, सरकारजमा झालेली परवान्याची शस्त्रेही यात धरावीत.

दारूगोळा व स्फोटके यांना हा मार्ग लागू नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना सहा जण गेले. १४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात जप्त स्फोटकांचे नमुने घेताना स्फोट झाला आणि नऊ जण दगावले. वस्तीतल्या ठाण्यात स्फोटके एक रात्रही ठेवू नयेत. ती बॉम्बशोधक व नाशक पथकाच्या ताब्यात वस्तीबाहेरच्या कोठारात जावीत. दारूगोळा निकामी करण्याचे काम रोजंदारीच्या मजुरांवर सोपवणे तर आम्हाला अक्षम्य वाटते.

आता निर्यातीविषयी. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली, याचा आनंदच आहे. पण व्यापार वाढला की त्याच्या आडून जाणारा मालही वाढण्याची भीती असते. लष्करी वस्तू निर्यात नियंत्रणाच्या ‘स्कोमेट’ यादीच्या सहाव्या गटात येतात आणि त्यांना संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते. शस्त्रांचे सुटे भाग वाहनांचे भाग म्हणून दाखवले, तर कंटेनर उघडल्याशिवाय कळणार कसे? पकडलेल्या मालावर दंड आकारून प्रकरण मिटवू नये. महसूल गुप्तचर संचालनालय व सीमाशुल्क विभाग यांच्यासोबत राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने कायमची संयुक्त तुकडी नेमावी आणि माल ज्या कारखान्यातून निघाला तिथपर्यंत तपास न्यावा. अंतिम वापरकर्त्याचा दाखला खरा आहे का, याची दूतावासामार्फत खात्री करण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांच्या अवैध व्यापारासाठी किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरवली आहे. लागू असेल तिथे ते कलम लावायला कचरू नये. आपला भाग कोणत्या यादीत येतो हे पुणे-नागपूरच्या अनेक लहान उद्योजकांना ठाऊक नसेल, म्हणून त्यांना आधी मार्गदर्शन मिळावे. नकळत चुकलेल्याला आणि जाणून चोरट्या मार्गाने माल पाठवणाऱ्याला एकाच तराजूत तोलू नये.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या खात्याचे एक परिपत्रक आणि केंद्राला एक पत्र पुरेसे आहे. सुरुवात म्हणून राज्यातील सर्व मुद्देमाल कक्षांतील शस्त्रांची प्रत्यक्ष मोजणी ९० दिवसांत पूर्ण करण्याचे आदेश द्यावेत आणि आमच्या शिष्टमंडळास भेटीची वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
रायगड जिल्ह्यातील वकील, निवृत्त कर्मचारी व नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मा. जिल्हाधिकारी, रायगड