आयतींमध्ये पल्सार शोधणाऱ्यांना एक प्रश्न

कुरआनच्या ८६व्या सूरहमध्ये ‘तारिक’ची शपथ आहे. तारिक म्हणजे रात्री येणारा, दार ठोठावणारा. चिरनेर-उरण-पनवेलच्या मोबाइलवरही हल्ली असे व्हिडिओ फिरतात, की हा तारिक म्हणजे पल्सार तारा. त्याचे ‘ठोके’ शास्त्रज्ञांना आज ऐकू आले, आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच कळले होते. खाली शेकडो ‘सुब्हानअल्लाह’.

माझा प्रश्न साधा आहे. पहिला पल्सार १९६७ साली जोसेलिन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थिनीने शोधला. त्याआधी तेराशे वर्षे अरबी भाषेचे जाणकार या आयतीवर तफसीर लिहीत होते. त्यातून पल्सार का निघाला नाही? बेलबाईंनी शोधल्यावरच आपल्याला तो का दिसला?

जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतात विमाने होती असा निबंध वाचला गेला, तेव्हा आपण पोटभर हसलो. मग तीच गोष्ट दाढी-टोपी घालून आली की ती विज्ञान कशी होते?

एखादी गोष्ट खरोखर ‘आधीच माहीत असणे’ म्हणजे काय, ते पाहा. १९१६ साली आइन्स्टाइनने आपल्या समीकरणांवरून गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. पण दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत आदळली, तर लहरीचा नेमका आकार कसा असेल? हे गणित कागदावर सुटत नाही. ते संगणकाला द्यावे लागते: या क्षणी स्थिती अशी, तर पुढच्या सूक्ष्म क्षणी कशी, मग त्याच्या पुढच्या क्षणी कशी. यालाच सिम्युलेशन म्हणतात. कित्येक वर्षे हे प्रोग्रॅम मध्येच कोसळत. २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियसने टकरीचे गणित पहिल्यांदा शेवटपर्यंत नेले. इकडे पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी, गोंगाटात दडलेली लहर अपेक्षित नमुन्यांशी ताडून कशी ओळखायची, त्या पद्धतीचा पाया घालायला मदत केली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही यंत्रांत लहर सापडली. नमुन्यांशी ताडल्यावर कळले, की सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपात निघून गेले. भाकीत आधी, पुरावा नंतर. आपल्या व्हिडिओंत क्रम नेमका उलटा असतो.

यात नुकसान इमानचेही आहे. २१व्या सूरहमधली आकाश आणि पृथ्वी विलग केल्याची आयत म्हणजे बिग बँग, असे छातीठोक सांगितले जाते. पण आपल्याच पुण्यात जयंत नारळीकर २०२५ मध्ये निधन होईपर्यंत बिग बँगवर शंका घेत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांचे म्हणणे पटले नाही, तरी वाद गणिताने आणि निरीक्षणाने झाला. उद्या हा सिद्धांत बदलला, तर आयतीचा अर्थही बदलणार का? बदलत्या सिद्धांताच्या खुंटीला अल्लाहचा कलाम टांगायला सांगितले कुणी?

कुणी म्हणेल, त्या निमित्ताने मुलांना विज्ञानाची गोडी तरी लागते. नाही लागत. उत्तर घरातच आहे असे शिकवल्यावर मूल गणित कशाला सोडवेल? इब्न अल-हैसमने टॉलेमीवरच्या शंकांचे पुस्तक लिहिले, प्रकाशावर प्रयोग केले. दुसऱ्याच्या शोधावर नाव लावायला तो थांबला नाही. अब्दुस सलाम श्रद्धाळू होते, पण १९७९चे नोबेल त्यांना समीकरणांवर मिळाले, आयतीच्या अर्थावर नाही.

आता लायगोचे तसेच यंत्र आपल्या राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा, लेझर, आरसे, संगणक. तिथे इंजिनिअर लागतील, तंत्रज्ञ लागतील, संशोधक लागतील. हिंगोली-परभणीच्या मोहल्ल्यांतली आणि आपल्या चिरनेर-उरणची मुले तेव्हा कुठे असतील? आत आलेख वाचत, की बाहेर ‘हे तर आम्हाला आधीच माहीत होते’ असा व्हिडिओ बनवत?

लायगोची माहिती इंटरनेटवर फुकट आहे, पायथॉन फुकट आहे. २०१५ ची ती लहर साध्या लॅपटॉपवर काढता येते. सूर्याभोवती पृथ्वी फिरवणारा छोटा प्रोग्रॅम दहावीचे मूल लिहू शकते. मशिदीच्या कमिटीने एक खोली, दोन जुने संगणक आणि रविवारी कॉलेजचा एक फिजिक्सचा शिक्षक एवढी सोय केली तरी सुरुवात होईल. जलशाच्या मंडपाला याहून जास्त खर्च येतो.

आणि पुढचा व्हिडिओ आला की पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: या आयतीवरून येत्या पाच वर्षांत काय सापडणार आहे? तारीख घालून लिहून द्या. दिले नाही, तर तो पुढे पाठवू नका.