परतीची वाट

या सदरात आजवर ठेवी, कर्जे, वारसपत्रे आणि वाटण्या यांविषयीच लिहीत आलो आहे. या महिन्याचा विषय मात्र एका जुन्या मोटारीचा आहे. वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती. मोटार सुरू का होत नाही याचा शोध आणि खतावणीतील फरकाचा शोध यांत मला फारसे अंतर आढळले नाही; आणि या शोधामुळे घरातील एक वस्तू कवडीमोलाने जाता जाता वाचली.

गेल्या वैशाखात आम्ही उभयता कन्येकडे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे गेलो होतो. आमचे व्याही मूळचे कंपालाचे. १९७२ साली युगांडा सरकारने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्मावले, तेव्हा हजारो कुटुंबांप्रमाणे तेही रिकाम्या हातांनी ब्रिटनमध्ये आले. प्रथम होजिअरीच्या कारखान्यात नोकरी, मग स्वतःचे छोटे दुकान. दुकानाचे कर्ज फिटल्यावर त्यांनी आयुष्यात एकच चैन केली. १९७३ सालची, लाल रंगाची, जुनी एमजीबी गाडी विकत घेतली. दोन वर्षांपूर्वी ते निवर्तले. तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये उभीच होती.

एमजीबी ही इंग्रजांची मोठी लाडकी स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे. निरनिराळ्या रूपांत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर आणि आसनांच्या मागे तळाशी बसवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. संगणक कोठेही नाही. ज्याला आपल्याकडील फियाटचे बोनेट उघडण्याची सवय आहे, त्याला ही गाडी परकी वाटत नाही. मी नोकरीत असताना आडगावच्या शाखांमध्ये बदल्या झाल्या, तेथे मेकॅनिक मिळत नसे. त्यामुळे माझ्या पद्मिनीची बरीच कामे मीच शिकलो. तेवढेच माझे भांडवल.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीचा निकाल लागल्यातच जमा होता. किल्ली फिरवली की ‘कट्’ असा आवाज येई, इंजिन अर्धा फेरा जड अंगाने फिरे आणि थांबे. जावयांनी दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या. फरक पडला नाही. सेल्फ नवा बसवून घेतला, तरीही तेच. जवळजवळ चारशे पौंड खर्ची पडले होते. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने येऊन ‘इंजिन जॅम झाले आहे’ असे सांगितले आणि भंगाराच्या भावाहून थोडी अधिक किंमत देऊ केली. शनिवारी तो गाडी उचलून नेणार होता. विहीणबाई काहीच बोलत नव्हत्या. मात्र सकाळी गॅरेजचे दार उघडून दोन मिनिटे उभ्या राहत, हे माझ्या पत्नीच्या नजरेतून सुटले नाही.

मी जावयांकडे तीन दिवस मागून घेतले आणि एक अट घातली, की या तीन दिवसांत एकही नवा सुटा भाग विकत आणायचा नाही.

ही अट मी एका जुन्या प्रसंगावरून शिकलो. आमच्या एका शाखेत दिवसाअखेर रोकड ४५० रुपयांनी कमी भरली. कॅशिअर तरुण होता, नुकताच लागलेला. सर्वांनी मनातल्या मनात त्याला दोषी ठरवून टाकले. एका वृद्ध सहकाऱ्याने शांतपणे विचारले, “चारशे पन्नासला नवाने भाग जातो ना? मग आधी आकड्यांची उलटापालट शोधा.” तासाभरात व्हाउचर सापडले. दिलेली रक्कम ५,८३० होती आणि नोंद झाली होती ५,३८०. ती नोंद कॅशिअरची नव्हती. मनात संशय धरणाऱ्यांत मीही होतो, याची लाज आजही वाटते. मोजमाप करण्यापूर्वी दोष ठेवला, की निर्दोष वस्तू बदलली जाते आणि कधी कधी निर्दोष माणूसही.

व्याह्यांनी गाडीची एक वही ठेवली होती. व्यापाऱ्याचीच वही, तारीख, काम, खर्च, सगळे गुजरातीत. ती मी प्रथम वाचली. शेवटच्या पानांवर एक नोंद होती, क्लच बदलल्याची. त्यानंतरच्या हिवाळ्यात ‘सकाळी सेल्फ जड फिरतो’ अशी टीप दोनदा आली होती. त्याआधीच्या इतक्या वर्षांत एकदाही नाही. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन गाडीबाहेर काढावे लागते. म्हणजे इंजिन परत बसवताना काही तरी राहिले असावे, असा अंदाज बांधता आला. अंदाज हा पुरावा नव्हे. पण कोणत्या पानापासून तपासायचे ते त्याने सांगितले.

मग मल्टिमीटर हाती घेतला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढलेली. बॅटऱ्यांचा दाब स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट होता. हे पूर्ण भरल्याचे लक्षण. कन्येने किल्ली फिरवली तेव्हा तो १२ च्या जवळपासच राहिला. येथेच पहिला उलगडा झाला. सेल्फ हा गाडीतील सर्वांत मोठा ग्राहक. तो खरोखर जोर लावत असेल तर बॅटरीचा दाब चांगलाच उतरतो. निरोगी बॅटरीही साडेदहा-अकरापर्यंत येते. जॅम झालेले इंजिन फिरवण्याचा प्रयत्न असता तर दाब त्याहूनही खाली गेला असता. दाब उतरतच नाही, याचा अर्थ वीज सेल्फपर्यंत पुरेशी पोहोचत नाही किंवा तेथून परतत नाही. बॅटरी निर्दोष, इंजिनही बहुधा निर्दोष, वाट अडलेली.

वाट दोन बाजूंची असते. बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबल सेल्फकडे जाते. ती सर्वांना दिसते आणि सर्व जण तीच तपासतात. परंतु गेलेली वीज परत बॅटरीच्या ऋण टोकाला यावी लागते, आणि ही परतीची वाट केबलची नसून इंजिनच्या आणि गाडीच्या लोखंडातून जाते. इंजिन रबराच्या गाद्यांवर टेकलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन-गिअरबॉक्स आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तारांची विणलेली एक पट्टी खालच्या अंगाला बसवलेली असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. माल किती गेला हे दुकानात सर्वांना ठाऊक असते. वसुली कोठे अडली आहे हे फार थोडे पाहतात. येथेही तसेच झाले होते.

लांब वायर जोडून मी एकेक टप्पा मोजला. किल्ली फिरवलेली असताना धन टोक ते सेल्फ, फरक अर्ध्या व्होल्टहून कमी, ठीक. ऋण टोक ते गाडीचा सांगाडा, नगण्य, ठीक. सांगाडा ते इंजिन मात्र जवळजवळ चार व्होल्ट. जेथे पाव व्होल्टही पुष्कळ, तेथे चार. इतक्यात आत बसलेली कन्या म्हणाली, “बाबा, हे चोकचे बटण गरम का लागते आहे?” त्याहून मोठा साक्षीदार मिळाला नसता. पट्टी निकामी झाल्याने वीज चोकच्या बारीक तारेतून परतीची वाट काढत होती. अशा वेळी प्रयत्न ताबडतोब थांबवावेत; तार लाल होऊन गाडीला आग लागू शकते.

खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. बॅटरीला बॅटरी जोडण्याची जी जाड जंपर केबल असते, तिचे एक टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला आणि दुसरे सांगाड्याला लावले. किल्ली फिरवताच इंजिन सपासप फिरू लागले. ‘जॅम’ झालेले इंजिन! गाडीखाली पाहिले तर पट्टीचा बोल्ट गंजावर तसाच आवळलेला होता आणि तिच्या निम्म्या तारा तुटलेल्या होत्या.

इंजिन फिरले, पण सुरू झाले नाही. त्यात नवल नव्हते. दोन वर्षे उभ्या गाडीत एकाहून अधिक दोष असतात आणि ते एकेक करूनच वेगळे काढावे लागतात. ठिणगी आणि पेट्रोल, या क्रमाने तपासले. प्लग काढून पाहिले तर ते पेट्रोलने ओले होते, म्हणजे इंधन पोहोचत होते पण पेटत नव्हते. प्लग कोरडे निघाले असते तर प्रथम पेट्रोल पंपाकडे वळलो असतो. या गाडीचा पंप विजेचा असतो. किल्ली लावताच तो टिकटिकतो आणि कार्बोरेटर भरले की गप्प बसतो. तो टिकटिकलाच नाही तर पंप अडला आहे, थांबतच नाही तर टाकी रिकामी आहे किंवा कोठे गळती आहे. आमचा पंप नीट बोलत होता. दोष डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांत निघाला; त्यांवर बुरशीसारखा थर चढला होता. ते घासून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान बसवली, प्लग वाळवले, शिळे पेट्रोल मोकळ्या हवेत, सिगारेट-दिव्यापासून दूर काढून टाकले आणि ताजे भरले. तेथील साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून कमी इथेनॉलचे वरच्या प्रतीचे पेट्रोल घेतले आणि नळ्याही तपासल्या.

शुक्रवारी सायंकाळी तिसऱ्या प्रयत्नात इंजिन धरले. प्रथम खोकले, मग स्थिर झाले. विहीणबाई आवाज ऐकून स्वयंपाकघरातून तशाच बाहेर आल्या आणि डाव्या आसनावर, आपल्या नेहमीच्या जागी, काही न बोलता बसल्या. जावयांनी त्यांना वस्तीतून एक फेरी मारून आणले. शनिवारी व्यापाऱ्याला नकार कळवण्यात आला. गाडी पुढे ठेवायची की योग्य किमतीला विकायची, हे ते कुटुंब सवडीने ठरवील; निर्णय आता त्यांच्या हाती आहे, अडचणीच्या हाती नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी वडिलांची एखादी फियाट, जुनी स्कूटर किंवा गोदामातील जनरेटर असेल. तो सुरू होत नसेल तर क्रम एवढाच ठेवावा. इंजिन फिरते का? फिरत नसेल तर बॅटरी, जाण्याची वाट आणि परतीची वाट, तिन्ही मोजावीत. फिरत असेल तर ठिणगी, त्यानंतर इंधन. प्रत्येक पायरीवर मोजमाप आधी, खरेदी नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि केलेले प्रत्येक काम तारखेसह लिहून ठेवावे. ती वही नसती तर मी कोणत्या टोकापासून सुरुवात केली असती, सांगता येत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री जावयांनी ती वही मला दाखवली. व्याह्यांच्या शेवटच्या नोंदीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने, जरा वाकड्यातिकड्या गुजरातीत, नवी ओळ लिहिली होती. तारीख, अर्थिंगची पट्टी बदलली, खर्च नऊ पौंड.