रायफल दिली, वही ठेवली



आपल्या ग्रुपवर हल्ली जुने शिकारीचे फोटो बरेच येतात. कुणाचे पणजोबा मचाणावर, कुणाचे काका पट्टेदार वाघाच्या डोक्याशी रायफल टेकवून उभे. खाली कॉमेंट ठरलेली असते: "काय नेम होता! रक्तातच होतं." मला ते वाचून दर वेळी आमच्या आबांची आठवण येते, आणि थोडा रागही येतो. नेम रक्तात नसतो. आमच्या घरात तरी तो एका वहीत होता.

आबा म्हणजे माझे आजोबा. जनकगंजातला आमचा वाडा, त्याची वरची माडी, आणि माडीवर खिडकीपाशी एक शिसवी टेबल. साल १९६४-६५ असेल, मी नऊ-दहा वर्षांचा. त्या टेबलावर आबा आपल्या थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नमची काडतुसं स्वतः भरायचे. विलायती काडतुसं महाग झाली होती आणि मिळतही नव्हती. त्यात विलायती पुंगळीच्या बुडाला टोपीसाठी दोन बारीक भोकं असायची, त्यामुळे जुनी टोपी काढणं म्हणजे जिकिरीचं काम. अमेरिकन पुंगळीला मधोमध एकच भोक, एका सळईने टोपी बाहेर. कुणाकडून तरी मिळालेल्या अशा साठ-सत्तर पुंगळ्या आबा सोन्यासारख्या जपायचे. प्रत्येक किती वेळा भरली, त्याची खूण असे.

भरायची वेळ पहाटेची. पंखा बंद, खिडक्या बंद. ग्वाल्हेरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पण वाऱ्याने तराजू हलते म्हणून घामाच्या धारा लागल्या तरी पंखा नाही. तराजू सराफ्यातून आणलेली. दारू ग्रेनमध्ये मोजायची. एक ग्रेन म्हणजे अदमासे अर्धी गुंज, आणि आबा त्याचाही दहावा भाग धरायचे. कुणी मध्ये बोललं तर ते काडतूस बाजूला, पुन्हा पहिल्यापासून. मला काम एकच, भरलेली काडतुसं मोजायची आणि तोंड बंद ठेवायचं.

त्यांचा नियम साधा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर गोळी तीच, गोळी बदलली तर दारू तीच, गोळी पुंगळीत किती खोल बसवली तेही तेच. सुरुवात नेहमी कमी दारूने, मग अगदी थोडीथोडी वाढ. शंभर यार्डांवर कागद लावून पाच गोळ्या, प्रत्येकीनंतर नळी थंड होईपर्यंत थांबायचं. मग पाच भोकांमधलं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. सुरुवातीच्या पानांवर चार इंच, साडेतीन इंच आहे. दीड इंचापर्यंत यायला त्यांना दोन हिवाळे लागले. जास्त दारू म्हणजे चांगलं काडतूस, असं त्यांनी कधी मानलं नाही. "जिथे पाचही गोळ्या एका जागी जातात ते चांगलं," म्हणायचे.

त्या वहीत एक पान आहे, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

डिसेंबरात आजमावलेली काडतुसं घेऊन आबा एप्रिलच्या अखेरीस शिवपुरीकडच्या जंगलात गेले. रीतसर परवाना, रीतसर ब्लॉक. काडतुसांचा डबा जीपमध्ये दिवसभर उन्हात तापला. दारू तापली की जळताना दाब वाढतो, तेव्हा थंडीत बरोबर असलेलं माप उन्हाळ्यात जास्त होतं. संध्याकाळी सांबरावर गोळी झाडली, ती ठरल्या जागी लागली नाही, आणि बोल्ट असा घट्ट बसला की दुसरी गोळी वेळेवर भरताच आली नाही. जखमी जनावर झाडीत गेलं. दोन दिवस माग काढला. पुढे चालत होता एक सहरिया माणूस, हातात फक्त कुऱ्हाड. झाडीत अस्वल आहे की बिबट्या, ते आधी त्याला कळणार होतं, रायफलवाल्याला नाही. सांबर मिळालं नाही.

वहीत त्या तारखेखाली दोनच ओळी आहेत. पहिलीत काडतुसाचं माप आणि उष्णता. दुसरीत: "चूक माझी. जनावर दोन दिवस तडफडलं." त्यानंतर वहीचे दोन भाग झाले, हिवाळा आणि उन्हाळा.

आता फोटोंकडे येतो. आपल्या संस्थानात शिकार हा दरबारी कारभाराचाच भाग होता. माधव महाराजांनी तर १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकच लिहिलं. पण फोटोत काय उरतं? वाघ आणि साहेब. हाकेवाले उरत नाहीत, चुकलेली गोळी उरत नाही, पंखा बंद करून बसलेला माणूस उरत नाही. मग पुढच्या पिढीला वाटतं, बंदूक हातात घेतली की शान आपोआप येते.

हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. २०१९ साली शस्त्र कायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येणार, तिसरं वर्षभरात जमा करायचं. आमच्या दादांच्या, म्हणजे थोरल्या चुलतभावाच्या परवान्यावर तीन होती: बाराबोर, ३१५, आणि आबांची रायफल. दादा म्हणाले, बाराबोर देऊन टाकू, आबांची निशाणी घरात राहू दे. मलाही आधी तेच वाटलं होतं.

पण कपाटात आबांनी भरलेल्या काडतुसांचा डबाही निघाला. घरात लग्न ठरलेलं. पुतण्या सहज म्हणाला, "काका, वरातीत दोन हवेत टाकू. आजोबांच्या हातची आहेत, मजा येईल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पन्नास-पंचावन्न वर्षांची दारू, तडकलेल्या माना असलेल्या पुंगळ्या, आणि वर गेलेली गोळी खाली कुठेतरी येणारच. आपल्या ग्वाल्हेर-भिंड-मुरैन्यात वरातीतल्या गोळीने माणसं गेलेली आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने असा बेपर्वा गोळीबार गुन्हा ठरवलाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला कायद्याआधी ती ओळ आठवली. एका सांबरासाठी "चूक माझी" लिहिणाऱ्या माणसाच्या हातची काडतुसं आपण मांडवात हवेत उडवणार?

मी वही काढून दादांपुढे ठेवली. म्हटलं, "दादा, एवढं पान वाचा, मग तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दुसऱ्या आठवड्यात रायफल परवानाधारक दुकानदाराकडे जमा झाली, काडतुसंही रीतसर दिली. नातेवाईकांत अजून बोलणी ऐकतो, घराण्याची शान विकली म्हणून. ऐकून घेतो.

काही जण उलट बाजूने विचारतील, शिकारच वाईट, तर वही तरी कशाला जपायची? शिकारीचं समर्थन मी करत नाही. शिवपुरीच्या रानातले वाघ संपले, त्यात आपल्या लोकांच्या बंदुकांचाही वाटा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये माधव राष्ट्रीय उद्यानात बाहेरून वाघ आणून सोडावे लागले, २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. चांगलंच झालं. पण वहीत ते घेणंही लिहिलंय आणि ती चूकही. फोटोत फक्त घेणं आहे.

आज तसं काडतूस घरी भरायचं म्हटलं तर परवान्याशिवाय तो गुन्हा, आणि ते योग्यच आहे. कुणी आबांची मापं मागू नका, ती त्या एका रायफलची होती. शिकायचं ते एवढंच: एका वेळी एकच बदल, मोजल्याशिवाय बोलायचं नाही, आणि चूक झाली तर तारखेसह लिहायची. माझ्या नातीला कॉलेजच्या प्रयोगवहीसाठी मी ती पानं दाखवली. तिला बंदुकीचं काही नाही, पण हिवाळा-उन्हाळा वेगळे केलेले बघून म्हणाली, "पणजोबा सायंटिस्ट होते का?"

तुमच्या घरीही जुन्या ट्रंकेत अशा वह्या, परवाने, ब्लॉकच्या पावत्या असतील. रद्दीत घालू नका. हत्याराचा निर्णय कायद्याने आणि शहाणपणाने करा, पण कागद ठेवा. आणि पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा त्या दिवशी कोण हाक्याला होतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून तेही लिहा.