वादळ टळलें, तें कोणाचें?

ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळाची वाट पाहत आम्ही मुंबईंत दारें-खिडक्या लावून बसलों होतों. टाळेबंदीमुळें यवतमाळास परतणें शक्य नव्हतें. हवामानखात्याची नवी बातमी आली कीं नकाशावर बोट फिरवावें, एवढाच उद्योग होता. दुपारीं वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढल्याचें कळलें आणि "सुटलों!" असा उद्गार आमच्या तोंडून निघाला.

त्या उद्गाराची आज आम्हांस लाज वाटते. वादळ नाहींसें झालें नव्हतें. तें दुसऱ्याच्या दारीं गेलें होतें. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या बागा ताशीं ११०-१२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यानें आडव्या झाल्या. कापूस बुडाला तर पुढल्या मृगांत पुन्हां पेरतां येतो. पोफळीला मात्र फळ धरण्यास कित्येक वर्षें लागतात.

"मुंबईंत तर कांहींच झालें नाहीं," म्हणून दुसऱ्या दिवशीं कित्येकांनीं हवामानखात्याची थट्टा केली. आमच्या मतें ती अनुचित होय. वादळाची वाट किंचित् वळली तरी एक गांव वांचतें व दुसरें सांपडतें. म्हणून इशारा साऱ्या किनाऱ्यास द्यावा लागतो. त्या इशाऱ्यामुळेंच हजारों माणसें आधीं सुरक्षित जागीं हलविलीं गेलीं.

तेंच वादळ क्षीण होत होत ४ तारखेस आपल्या विदर्भांत आलें! विद्यार्थिमित्रहो, गारपीट शेजारच्या शिवारांत पडल्याचें ऐकाल, तेव्हां "आपण वांचलों" एवढ्यावर थांबूं नका, "तिकडे काय झालें?" हेंही विचारा.